उत्तर दिशा छतावर नसते!

"उत्तर दिशा कुठे आहे, दाखवा बरं!"

हा प्रश्न तिसरीच्या वर्गात विचारून बघा. बरीचशी बोटं छताकडे वळतात. हसू नका हं! मीसुद्धा तिसरीत असताना छताकडेच बोट दाखवलं होतं. आमच्या वर्गात नकाशा खिळ्याला टांगलेला असायचा. नकाशात वर उत्तर, खाली दक्षिण, असं गुरुजींनी शिकवलेलं. मग उत्तर म्हणजे वर, छताच्या पत्र्यावर! आणि दक्षिण? ती पायाखालच्या फरशीत! हिमालय उंच आहे म्हणूनच तो नकाशात वर काढतात आणि सगळ्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडेच वाहतात, कारण पाणी वरून खाली येतं, असंही मला कित्येक दिवस वाटत होतं.

मग एके दिवशी गुरुजींनी तो नकाशा खिळ्यावरून काढला आणि सरळ जमिनीवर अंथरला. सूर्य उगवतो ती बाजू बघून नकाशा थोडा फिरवला. म्हणाले, "आता या, नकाशाभोवती बसा." आणि काय सांगू! उत्तर दिशा छतावरून उतरून शाळेच्या हापशाकडे जाऊन उभी राहिली. डोक्यातला गोंधळ पाच मिनिटांत मिटला.

मुलांनो, भूगोल हा विषय भिंतीवर टांगलेला नसतो. तो शाळेच्या दारातून बाहेर पडलं की सुरू होतो. म्हणूनच आपल्या महाराष्ट्रात तिसरीच्या मुलांना आधी स्वतःच्या जिल्ह्याची ओळख करून देतात. जालन्याच्या मुलाला जालन्याचं पुस्तक, रत्नागिरीच्या मुलाला रत्नागिरीचं. पण जिल्हासुद्धा आठ वर्षांच्या मुलाला केवढा मोठा! त्याच्याही आधीची एक पायरी आहे, ती म्हणजे आपली शाळा आणि तिच्याभोवतीचा परिसर. आज आपण ती पायरी चढू या. आणि त्यासाठी जाऊ या जालना जिल्ह्यातल्या अंबडला.

माशाचं पोट कुणी पाहिलं?

अंबड हे तालुक्याचं गाव. जालन्याहून दक्षिणेला निघालं की पंचवीस-तीस किलोमीटरवर लागतं. गावाजवळच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचं मंदिर आहे. नवरात्रात तिथे मोठी यात्रा भरते. मत्स्य म्हणजे मासा आणि उदर म्हणजे पोट. ही टेकडी माशासारखी दिसते, म्हणून देवीचं नाव मत्स्योदरी, असं सांगतात.

आता एक गंमत लक्षात घ्या. टेकडीच्या पायथ्याशी उभं राहिलं तर मासा दिसेल का? नाही. दगड, पायऱ्या आणि पुढच्या माणसाची पाठ दिसेल! माशाचा आकार कळायला टेकडीभोवती फिरावं लागतं, लांबून बघावं लागतं, आणि मग मनातल्या मनात सगळं जोडावं लागतं. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांच्याकडे ना विमान होतं ना कॅमेरा. त्यांनी मनातच नकाशा काढला होता.

नकाशा म्हणजे तेच. पंख नसताना वरून बघणं.

हे जमतं का ते घरीच करून पाहा. जेवणाचा डबा समोर ठेवा आणि त्याचं चित्र काढा. तुम्ही झाकण, कडी, बाजू असं सगळं काढाल. आता डबा जमिनीवर ठेवा, उभे राहा, बरोबर वरून बघा आणि पुन्हा काढा. या वेळी नुसता एक गोल निघेल. पहिलं झालं चित्र. दुसरा झाला नकाशा, डब्याचा नकाशा! डब्यानंतर दप्तराचा, मग बाकाचा, मग वर्गाचा. एवढं झालं की शाळेच्या पटांगणात उतरायला हरकत नाही.

काठी रोवा, दिशा शोधा

नकाशाला पहिल्यांदा लागते दिशा. होकायंत्र नसेल तर अडून बसू नका. सपाट जागी एक सरळ काठी उभी रोवा. जुन्या ग्रंथांत हिला 'शंकू' म्हणतात. यज्ञाच्या वेदी कशा आखाव्या हे सांगणाऱ्या कात्यायनाच्या शुल्बसूत्रांत दिशा शोधायची हीच रीत दिली आहे.

काठीच्या बुडाला दोरी बांधून भोवती खडूने एक मोठं वर्तुळ काढा. सकाळी काठीची सावली लांब असते. ती आखडत आखडत तिचं टोक ज्या क्षणी वर्तुळाला टेकेल तिथे खूण करा. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते. तिचं टोक दुसऱ्या बाजूला वर्तुळाला टेकलं की तिथे दुसरी खूण करा. दोन्ही खुणा जोडा. ही झाली पूर्व-पश्चिम रेषा. सकाळची खूण पश्चिमेची, दुपारची पूर्वेची. तिच्यावर काटकोनात रेघ मारली की उत्तर-दक्षिण.

हे करताना घड्याळाकडेही लक्ष ठेवा. सर्वांत आखूड सावली बरोबर बारा वाजता पडेल असं तुम्हाला वाटेल. पण अंबडला ती साडेबाराच्या आगेमागे पडते! आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताप्रमाणे चालतात आणि अंबड आहे त्याच्या बरंच पश्चिमेला. सूर्याला तिथून अंबडच्या डोक्यावर यायला जवळजवळ अर्धा तास लागतो. तुमच्या पटांगणातली काठी आणि मास्तरांच्या हातातलं घड्याळ यांत हा फरक राहतोच, फक्त वर्षभरात तो थोडा कमीजास्त होतो.

दुसरी गंमत त्याहून मोठी. पुस्तकात असतं, 'आपल्याकडे दुपारी सावली उत्तरेला पडते.' हा प्रयोग शाळा उघडल्या उघडल्या जूनमध्ये कराल तर चकाल! अंबड कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. तिथून पुढे जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. मग पुन्हा एक बिनसावलीचा दिवस येतो आणि सावली उत्तरेकडे वळते. ढगांनी मेहरबानी केली तर हे तुम्ही डोळ्यांनी पाहू शकता.

पावलांची फूटपट्टी

आता मोजमाप. टेप नसला तरी पाय आहेतच ना! आधी दहा मीटर अंतर कुठूनतरी मोजून घ्या आणि नेहमीच्या चालीने चालत किती पावलं होतात ते मोजा. समजा वीस झाली. म्हणजे तुमचं एक पाऊल अर्ध्या मीटरचं. आता वर्गापासून फाटकापर्यंत चाला, फाटकापासून हापशापर्यंत चाला, पावलं वहीत लिहा. एकाने मोजावं, दुसऱ्याने लिहावं, तिसऱ्याने दिशा सांगावी. एकटा माणूस सगळं करायला गेला की मध्येच कुणीतरी हाक मारतं आणि आकडा हरवतो!

पटांगण १२० पावलं लांब निघालं. एवढा कागद आणायचा कुठून? इथे येतं प्रमाण. ठरवून टाका की दहा पावलं म्हणजे कागदावर एक सेंटिमीटर. १२० पावलांचं पटांगण १२ सेंटिमीटरांत बसलं! वहीच्या पानावर आरामात मावलं.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे जे मोठे तपशीलवार नकाशे असतात, त्यांतल्या ५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. त्यात तुमचं साठ मीटरचं पटांगण सव्वा मिलिमीटरसुद्धा भरणार नाही. मुंगीएवढं! म्हणून मोठ्या नकाशात हापसा नसतो, चिंचेचं झाड नसतं, आणि मधल्या सुट्टीत पेरू विकायला येणाऱ्या मावशींची जागा तर नसतेच नसते. ते काढायचं काम तुमचं.

घरी शेती असेल तर आजोबांना 'साखळी' विचारा. जमीन मोजायची शंकू साखळी तेहेतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. सुतळीचा तेहेतीस फुटांचा तुकडा घ्या आणि पटांगणावर फक्कीने एक गुंठा आखा. 'गुंठा' हा शब्द रोज कानावर पडतो, पण तो पायाखाली घेतल्यावर केवढा वाटतो ते बघा.

याच रीतीने, साखळी टाकत टाकत, एका माणसाने आख्खा देश मोजायला घेतला होता. विल्यम लॅम्बटन त्याचं नाव. १८०२ साली मद्रासजवळ सुमारे बारा किलोमीटरची पहिली रेघ त्याने साखळीने मोजली. त्या रेघेवर त्रिकोण रचला, त्रिकोणाला त्रिकोण जोडला, आणि असं करत करत त्याचं पथक उत्तरेकडे सरकत राहिलं. एकवीस वर्षांनी, १८२३ मध्ये, काम चालू असतानाच तो वारला. कुठे माहीत आहे? आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचं काम पुढे चालवणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टचं नाव नंतर जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. लॅम्बटनचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही.

तांब्याभर पाणी कुठे जातं?

तुमच्या नकाशात शाळा आली, रस्ता आला, देवीची टेकडी कुठल्या दिशेला ते बाणाने आलं. आता शिक्षकांना सांगून तांब्याभर पाणी घ्या आणि पटांगणाच्या मधोमध ओता. ते कुठल्या बाजूला धावतं ते बघून नकाशात निळा बाण काढा. पटांगणाला उतार आहे हे रोज त्यावर खेळूनही आपल्याला ठाऊक नसतं. पाण्याला ते लगेच कळतं.

ते पाणी ओघळीतून नाल्यात, नाल्यातून ओढ्यात जाईल. पुढे? अंबडच्या उत्तरेकडून दुधना नदी वाहते आणि तालुक्याच्या दक्षिण कडेने, शहागडजवळून, गोदावरी. दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. म्हणजे पाणी इकडे वळो की तिकडे, शेवटी गोदावरीतच! त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून १,४६५ किलोमीटर वाहणारी ही नदी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेचा अरबी समुद्र आपल्याला जवळ, तरी अंबडचं पाणी पूर्वेच्या समुद्राला जातं. का? तांब्याला विचारा. उतार तिकडे आहे म्हणून.

स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोझी नावाचे मोठे शिक्षक होऊन गेले. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इव्हर्दाँ गावच्या त्यांच्या शाळेत मुलांना आधी जवळच्या दरीत फिरायला नेत. येताना मुलं तिथली माती आणत आणि वर्गातल्या लांब टेबलांवर तीच दरी मातीची करून दाखवत. उद्या पुन्हा जायचं, राहिलेला भाग बघायचा, पुन्हा करायचा. कागदावरचा नकाशा त्यानंतर. आपल्याकडे तर काळी माती आणि पिवळा मुरूम दोन्ही हाताशी. पोळ्याला बैल करता तशीच यंदा देवीची टेकडी करून बघा!

पण अंबडच्या मुलांसाठी पाण्याचा नकाशा हा नुसता खेळ नाही. हा मराठवाडा आहे. जालना जिल्ह्याची मोसंबी प्रसिद्ध. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्याच्या आधी, २०१२-१३ च्या दुष्काळात, याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी टँकरने पाणी आणून झाडं जगवायची धडपड केली. पुष्कळांना हाताने वाढवलेल्या बागा स्वतःच्या हाताने तोडाव्या लागल्या.

म्हणून शाळेच्या परिसरातली प्रत्येक विहीर, बोअर, हापसा, जुनी बारव नकाशात दाखवा. अंबडला अहिल्याबाई होळकरांचं नाव सांगणारी बारव आहे, ती विसरू नका. दिवाळीनंतर ज्याला पाणी आहे त्याला निळा ठिपका द्या. संक्रांतीनंतर पुन्हा फेरी मारा, होळीनंतर पुन्हा, आणि आटलेल्या ठिकाणी लाल ठिपका द्या. एका वर्षात तुमच्या हातात असा नकाशा येईल की मोठी माणसंही थांबून बघतील. लाल ठिपके एकाच बाजूला का? उंचावरच्या विहिरी आधी का आटतात? नाल्यावर बांध घातलेल्या ठिकाणी निळा ठिपका होळीपर्यंत टिकतो का?

जालना तालुक्यातल्या कडवंची गावाने १९९० च्या दशकात हेच प्रश्न विचारून काम सुरू केलं. पाणी कुठे पडतं, कुठून धावतं, कुठे अडवता येईल हे आधी शिवारात फिरून पाहिलं. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली. पुढे शेततळी झाली, आणि पाऊस कमी पडणाऱ्या या गावात द्राक्षांचे मळे उभे राहिले. सुरुवात कशाने झाली? उतार ओळखण्याने!

घर हललं नाही, पत्ता बदलला

आता एक काम घरातल्या सर्वांत वयस्कर माणसासोबत करायचं. त्यांना विचारा, "तुम्ही शाळेत होता तेव्हा पत्ता काय लिहायचा?"

अंबडची आजी सांगेल, "तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद." कारण जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होतं आणि त्या औरंगाबादचंही नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे. पणजोबांच्या लहानपणी हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब पूर्वी अंबड तालुक्यात होतं. घनसावंगी तालुका वेगळा झाल्यावर ते तिकडे गेलं.

बघा, घर जागचं तसूभर हललं नाही आणि पत्ता इतक्या वेळा बदलला! टेकडी, ओढा, उतार या निसर्गाने काढलेल्या रेघा. तालुका, जिल्हा, राज्य या माणसांनी ठरवलेल्या रेघा. नकाशात दोन्ही असतात, पण दोन्ही सारख्या नसतात. एवढं कळलं की अर्धा भूगोल कळला.

कुणाचं घर राहिलं?

नकाशा पुरा झाला की तो वर्गात जमिनीवर अंथरा आणि प्रत्येकाने त्यात आपलं घर शोधा. मग एकच प्रश्न विचारा, "कुणाचं घर राहिलं?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नकाशा काढणारा आपल्या ओळखीचे रस्ते काढतो. बाजारपेठ येते, देऊळ-मशीद येते, बँक येते. गावाबाहेरची वस्ती, तांडा, शेतातलं एकटं घर कागदाच्या कडेबाहेर राहून जातं. तसं झालं तर कागद जोडा. चिकटवा दुसरा कागद! नकाशा मोठा झाला तरी चालेल, पण वर्गातलं मूल नकाशाबाहेर राहता कामा नये.

आणि काही घरं तर वर्षातून काही महिने रिकामीच असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आई-बापांबरोबर मुलंही जातात. कारखान्याच्या आसपास पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, तेच पाच-सहा महिन्यांचं घर. वसंत ऋतूत ती मुलं परत येतात तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. मग त्यातलं एखादं मूल मागच्या बाकावर गप्प बसतं. सगळ्यांना वाटतं, याला काही येत नाही.

त्याला एक कागद आणि पेन्सिल द्या. म्हणा, "तू गेलास तिथला नकाशा काढ." ट्रॅक्टर कुठल्या गावांवरून गेला, नदी कुठे ओलांडली, कोप्यांपासून पाणी किती पावलांवर होतं, फड कुठे, कारखान्याची चिमणी कुठल्या दिशेला दिसायची. हे सारं त्याने पायांनी शिकलेलं असतं. आपण सांगली-कोल्हापूर नकाशात बघितलं, तो तिथे राहून आला! त्या तासापुरते मास्तर तेच. आणि त्याचा कागद आपल्या कागदाला जोडायला विसरू नका.

पालकांसाठी चार शब्द

मुलांचा नकाशा वाकडा येईल. शाळा गावाएवढी आणि गाव शाळेएवढं येईल. रबर हातात घेऊन धावू नका! मुलाला जे महत्त्वाचं वाटतं ते तो मोठं काढतो. "इथून हापसा जवळ की फाटक?" एवढंच विचारा. तो स्वतः जाऊन पावलं मोजून येईल आणि स्वतःच खोडेल.

मुलं बाहेर पडतील तेव्हा एखाद्या मोठ्या माणसाने सोबत राहावं. विशेषतः रहदारीचा रस्ता ओलांडताना, आणि कठडा नसलेल्या विहिरी व बारवेजवळ.

आजकाल फोनमध्ये आभाळातून काढलेला गावाचा फोटोही दिसतो. तो जरूर दाखवा, पण मुलाचा नकाशा पुरा झाल्यावर. दोन्ही शेजारी ठेवा आणि चुका शोधा, दोघांच्याही! फोनला दुकानांची नावं ठाऊक असतात. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठली होळीपर्यंत आटते आणि उन्हातून घरी येताना कुठल्या झाडाखाली टेकायचं, हे तुमच्या मुलाच्या नकाशात सापडेल.

या आठवड्याचा उद्योग

१. घरापासून शाळेपर्यंतची पावलं मोजा. जाताना आणि येताना आकडा सारखा येतो का?

२. काठी रोवून पूर्व-पश्चिम रेषा आखा. घराचं दार कुठल्या दिशेला आहे?

३. अंगणात तांब्याभर पाणी ओता आणि बाण काढा.

४. आजी-आजोबांचा जुना पत्ता विचारून लिहून ठेवा.

५. नकाशा पुरा झाला की मित्राला दाखवा आणि विचारा, "तुझं घर यात आहे का?"

आणि हो, उद्या वर्गात कुणी विचारलं, "उत्तर दिशा कुठे?" तर बोट कुठे दाखवायचं ते आता ठाऊक आहे ना? छताकडे नाही. काठीकडे बघा, मग सांगा!